दवाखान्यातले डिस्पेन्सर आणि गळती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भिंतीवरची हँडरबची (हातावर चोळायच्या स्पिरिटयुक्त द्रवाची) बाटली, ऑपरेशन थिएटरबाहेरचा कोपराने दाबायचा साबणाचा पंप, ड्रेसिंग ट्रॉलीवरचं बीटाडीन, कोपऱ्यातला हायपोचा (ब्लीचच्या द्रवाचा) कॅन, औषध मोजून देणारी तोटी. दवाखान्यात द्रव देणारी अशी कितीतरी साधनं असतात. वाळूज-चिकलठाण्याचे मोल्डर (साच्यातून, म्हणजे मोल्डमधून, प्लास्टिकचे भाग काढणारे), अभियांत्रिकीची प्रोजेक्टवाली मुलं, तालुक्याच्या गावचे डॉक्टर आणि स्टोअर सांभाळणाऱ्या सिस्टर आमच्या वर्कशॉपला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

गळती नेमकी कशाला म्हणायची?

लोक फक्त खाली पडलेला थेंब मोजतात. आम्ही चार प्रकार धरतो. डोस दिल्यावर थेंब तोटीच्या टोकाशी लटकून मग पडतो, ते ठिबकणं. आट्यांमधून किंवा सांध्यातून हळूहळू ओल येते, तो पाझर. बाहेर काहीच दिसत नाही, पण बाटलीचं वजन रोज घटतं, ती वाफेची गळती. स्पिरिटच्या बाबतीत ही फार. आणि चौथी उलट दिशेची, म्हणजे बाहेरची हवा, धूळ, जंतू आत जाणं. घरच्या हँडवॉशला पहिल्या तीनच पुरतात. दवाखान्यात चौथी सगळ्यांत महाग पडते, कारण ती फरशीवर दिसत नाही.

पहिल्या प्रकाराचा साधा हिशेब सांगतो. पाण्याचे साधारण 20 थेंब म्हणजे 1 मिली. सलाईनच्या नेहमीच्या सेटवरही हाच आकडा असतो. मिनिटाला एक थेंब पडला तर दिवसाचे 1440 थेंब, म्हणजे 72 मिली. अर्ध्या लिटरची बाटली कुणी हात न लावता आठवड्यात संपली.

सगळं घट्ट बंद केलं की गळती थांबते ना?

नाही. बहुतेक डिझाइन इथेच फसतं. बाटलीतून 2 मिली द्रव बाहेर काढला की तेवढीच जागा भरायला 2 मिली हवा आत यावी लागते, नाहीतर बाटलीने तेवढं आकसावं लागतं. तुम्ही हवेला रस्ता दिला नाही तर ती स्वतः शोधते, आणि तिला सापडणारा रस्ता हमखास तुमच्या सीलमधून जातो. आधी बाटलीच्या कुशी आत ओढल्या जातात, मग पंप जड होतो, मग तोटीतून हवा गुडगुडत आत येते आणि येताना टोकाशी लटकलेला थेंब, त्यावरची धूळ, सगळं घेऊन येते.

म्हणून कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी एकच प्रश्न विचारा: या डब्यात हवा येणार कुठून आणि जाणार कुठून? उत्तरं तीनच आहेत. हवेसाठी वेगळा एकदिशा व्हॉल्व्ह, किंवा गाळणी लावलेलं छिद्र, किंवा द्रवाबरोबर आकसत जाणारी पिशवी. यातलं कोणतं घ्यायचं ते द्रव आणि जागा पाहून ठरतं. पण तिन्हीपैकी एकही नसलेला डिस्पेन्सर आमच्याकडे आला, की आम्ही सांध्यातल्या गोल रबरी ओ-रिंगकडे बघतसुद्धा नाही.

आमचा डिस्पेन्सर सकाळी कोरडा असतो आणि दुपारी गळतो. वायसर बदलले, तरी तेच. असं का?

एप्रिल-मे मध्ये बीड, परभणी, नांदेडकडून हा प्रश्न हमखास येतो. डिस्पेन्सर बहुधा उलट्या बाटलीचा असतो आणि वायसर बिचारं ठीक असतं.

उलट्या बाटलीत द्रव खाली आणि हवा वर अडकलेली. तोंड खाली बुडालेलं असल्यामुळे बाहेरच्या हवेचा दाब द्रवाला तोलून धरतो. लग्नाच्या मांडवात पाण्याचा जार उलटा लावतात ते याच तत्त्वावर. आता पहाटे 24 अंश आणि दुपारी पत्र्याच्या व्हरांड्यात 43 अंश धरा. केल्विनमध्ये 297 चे 316 झाले, म्हणजे अडकलेली हवा सुमारे सव्वासहा टक्क्यांनी फुगते. बाटलीत 250 मिली हवा असेल तर ती खालून जवळजवळ 16 मिली द्रव ढकलून देते. हे झालं नुसत्या हवेच्या फुगण्याचं.

स्पिरिटचं दुखणं याहून मोठं. शुद्ध इथेनॉलचा बाष्पदाब 20 अंशांना 6 किलोपास्कलच्या आत असतो आणि 40 अंशांना 18 च्या घरात जातो. म्हणजे हवा फुगते ती फुगतेच, वर वाफेची भर पडते. त्याच उन्हात स्पिरिटची बाटली पाण्याच्या बाटलीपेक्षा बरंच जास्त टाकते. रात्री तीच बाटली थंड होते, आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते. रोज एक श्वास आत, एक बाहेर. सील कितीही भारी लावलं तरी हा श्वास थांबत नाही.

उपाय डिझाइनमध्ये आहे. मराठवाड्यासाठी हँडरबचा डिस्पेन्सर करायचा तर बाटली सुलटी ठेवा, आत नळी सोडा आणि पंप वर घ्या. मग फुगलेली हवा वरच्या वरच, तिच्यासाठी ठेवलेल्या व्हॉल्व्हमधून सुटते. उलटंच हवं असेल तर आकसणारी पिशवी वापरा आणि पिशवीत हवा ठेवू नका. ज्यांच्याकडे आधीच उलटे बसवलेले आहेत त्यांनी निदान पश्चिमेच्या भिंतीवरून काढून आतल्या बाजूला लावावेत.

मग बाटली काठोकाठ भरली तर? हवाच नको.

तेही नको. इथेनॉल स्वतः अंशाला साधारण 0.11 टक्का फुगतं. 5 लिटरचा कॅन 20 अंशांनी तापला की आतला द्रव 100 मिलीच्या आसपास वाढतो. त्याला जागा नसेल तर झाकण, सांधा किंवा कॅनची कड, जे कमजोर असेल ते हार मानतं. थोडी मोकळी जागा हवीच.

पाण्यावर टेस्ट केली तर एक थेंब नाही. स्पिरिट भरलं की ठिबकतं. मोल्ड खराब आहे का?

मोल्ड ठीक असेल. तुम्ही चुकीच्या द्रवावर परीक्षा घेतली.

बारीक छिद्रात द्रव अडून राहतो तो पृष्ठताणामुळे. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन. 80 टक्के इथेनॉलचा त्याच्या साधारण एक तृतीयांश. 1 मिलीमीटर व्यासाच्या छिद्रावर पाण्याचा जवळपास 29 मिलीमीटर उंचीचा स्तंभ नुसत्या पृष्ठताणावर उभा राहू शकतो. हँडरबचा 11-12 मिलीमीटरच्या वर राहत नाही. तुमच्या तोटीत छिद्राच्या वर 20 मिलीमीटर द्रव उभा असेल तर पाणी पास, स्पिरिट नापास. छिद्र लहान करा, किंवा टोकाशी वेगळा व्हॉल्व्ह द्या, किंवा दाब सोडल्यावर थेंब थोडा मागे ओढून घेणारा पंप निवडा.

हाच सापळा हवेच्या गाळणीत आहे. पीटीएफईची (टेफ्लॉनची) जलविरोधी पटल-गाळणी हवा सोडते, पाणी अडवते, म्हणून अनेक जण तीच हँडरबच्या झाकणात लावतात. स्पिरिट ती भिजवून पार जातं. अल्कोहोलसाठी तेलविरोधी प्रक्रिया केलेली गाळणी मागावी लागते; पुरवठादाराला द्रवाचं नाव सांगा, नुसतं 'वॉटरप्रूफ' म्हणू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हँडरबच्या सूत्रात 80 टक्के इथेनॉलबरोबर 1.45 टक्के ग्लिसरॉल आणि 0.125 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. स्पिरिट उडून जातं, ग्लिसरॉल तोटीच्या टोकाशी चिकट राहतं, त्यावर आपल्याकडची धूळ बसते आणि व्हॉल्व्हचा ओठ नीट मिटत नाही. महिनाभर वापरलेली तोटी भिंगाखाली धरून बघा, ओठावर तपकिरी कडं दिसतं. त्यामुळे टोक असं ठेवा की मावशींना फडक्याने एका हाताने पुसता येईल. खोबणीत लपवलेली तोटी चित्रात सुंदर दिसते, पण तिच्यात फडकं जात नाही.

ओ-रिंग किती दाबायची?

स्थिर सांध्यात रिंगची जाडी 15 ते 30 टक्के दाबली जावी, हलणाऱ्या दांड्यावर 10 ते 20 टक्के. खाच रिंगने पूर्ण भरू देऊ नका. 85 टक्क्यांच्या आत ठेवा, कारण तापल्यावर आणि द्रव प्यायल्यावर रबर फुगतं. रबराचा कडकपणा शोर ए या मापावर 70 च्या आसपासचा बहुतेक ठिकाणी चालतो.

पण खरी गोम रिंगच्या जाडीत आहे. प्लास्टिकच्या खाचेची खोली 0.1 मिलीमीटर इकडेतिकडे होणारच. 2.4 मिलीमीटर जाड रिंगला 1.92 खोल खाच दिली तर दाब 20 टक्के. 0.1 ची चूक झाली तर तो 16 ते 24 च्या दरम्यान फिरतो, चिंता नाही. आता जागा वाचवायला 1 मिलीमीटरची रिंग आणि 0.8 ची खाच घ्या. तेवढ्याच चुकीत दाब 10 ते 30 टक्के. म्हणजे एका टोकाला पाझर आणि दुसऱ्या टोकाला रिंग बसवतानाच कापली जाणार. विद्यार्थी बारीक रिंग निवडतात कारण कॅडमध्ये ती नेटकी दिसते. जागा असेल तर जाड घ्या.

रबर आणि प्लास्टिक कोणतं निवडू?

द्रवावरून ठरवा, दुकानदार काय ठेवतो यावरून नाही.

स्पिरिट आणि हँडरबसाठी बाटली एचडीपीई किंवा पीपी या प्लास्टिकची आणि सील ईपीडीएम रबराचं, हे निर्धास्त जमतं. पॉलिकार्बोनेट आणि अॅक्रिलिक टाळा. पारदर्शक असल्यामुळे मोह होतो, पण ताण असलेल्या जागी, विशेषतः स्क्रूच्या भोवती आणि कोपऱ्यात, अल्कोहोलने केसासारख्या चिरा पडतात. पहिले काही दिवस काहीच होत नाही, मग एक दिवस स्क्रूपाशी ओल दिसते आणि लोक स्क्रू अजून आवळतात. त्याने ताण वाढतो आणि चीर लांबते. पातळी दिसायला हवी असेल तर एचडीपीईच्या अर्धपारदर्शक बाटलीला उभी पट्टी ठेवा.

हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट धातूला खातं. द्रवाच्या वाटेत स्टीलची स्प्रिंग किंवा स्टीलची गोळी नको. गोळी काचेची घ्या आणि स्प्रिंग द्रवाच्या बाहेर राहील असा पंप घ्या. शिवाय हायपो उन्हात आणि उजेडात विघटन होऊन वायू सोडतं. पेरॉक्साइडचंही तेच, ते ऑक्सिजन सोडतं. अशा द्रवाला पूर्ण हवाबंद झाकण लावलं की बाटली फुगते, आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर फवारा येतो. इथे वायू सोडणारं झाकण हाच गळती रोखायचा मार्ग आहे. बाटली अपारदर्शक हवी हे वेगळं सांगायला नको.

पोव्हिडोन आयोडीनचा, म्हणजे बीटाडीनचा, रंग सिलिकॉनमध्ये मुरतो, आणि वाळलं की ते व्हॉल्व्हचे ओठ चिकटवतं. सिलिकॉन मऊ, छान, ऑटोक्लेव्हला (वाफेच्या निर्जंतुकीकरणाला) टिकणारं, पण वाफ आणि वायू त्यातून सहज जातात. पातळ सिलिकॉनच्या पडद्यामागे स्पिरिट ठेवलं तर वजन घटत राहील. एनबीआर म्हणजे आपलं नेहमीचं काळं वायसर. ते तेलाला उत्तम, पेरॉक्साइड आणि हायपोला नाही.

एक असेंब्लीतली गोष्ट. ओ-रिंग सरकावी म्हणून कामगार बोटाला व्हॅसलीन किंवा मशीनचं तेल लावतात. ईपीडीएमला खनिज तेल चालत नाही, ते फुगतं आणि मऊ पडतं. सिलिकॉन ग्रीसची डबी टेबलावर ठेवा आणि दुसरी डबी टेबलावरून उचलून न्या.

आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली तर चालेल?

नळावर चालते. दवाखान्याच्या साधनावर नाही. समांतर आटे फक्त आवळून धरतात, सील करणं त्यांचं काम नाही. ते काम सपाट कडेवर बसलेल्या वायसरचं. शिवाय टेपची एखादी चिंधी सुटून आत गेली की व्हॉल्व्हमध्ये अडकते आणि मग खरोखरच गळतं.

मोल्ड ट्रायलला गेलो तर काय तपासू?

पहिला नग हातात आला की बाटलीच्या तोंडाच्या कडेवरून अंगठ्याचं नख हळूच गोल फिरवा. कुठे बारीकसा टच लागला तर ती पार्टिंग लाईन आहे, म्हणजे मोल्डचे दोन भाग जिथे मिळतात ती रेघ. ती सीलच्या पृष्ठावरून आडवी गेली असेल तर तो सांधा जन्मापासून गळका. रिंग त्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना छोटी फट सोडते. सील ज्या पृष्ठावर बसतं तो संपूर्ण भाग मोल्डच्या एकाच तुकड्यात यायला हवा. हे टूल कापायच्या आधी टूलमेकरला सांगायचं असतं, नंतर पॉलिश करून निभत नाही.

दुसरं, जाड भागासमोर पडणारा खड्डा. सीलच्या मागे रिब (आधाराची पट्टी) किंवा बॉस (स्क्रूसाठीचा जाड खांब) दिला की आतलं प्लास्टिक उशिरा थंड होतं आणि पृष्ठ आत ओढलं जातं. डोळ्याला दिसत नाही, उजेडाकडे तिरकं धरलं की दिसतं. तिसरं, दोन बाजूंनी आलेलं प्लास्टिक जिथे मिळतं ती वेल्ड लाईन. झाकणाच्या गळ्यात ती आली की आवळताना तिथेच चिरतं.

पीपी 1 ते 2.5 टक्के आकसतं आणि शॉटगणिक (दर वेळी साचा भरताना) थोडं वेगळं आकसतं. सकाळचा आणि दुपारचा नग शेजारी ठेवून मोजा. मोजायचं ते दुसऱ्या दिवशी, मशीनमधून गरम गरम काढल्यावर नाही.

थ्रीडी प्रिंटवर गळतीची ट्रायल घेता येईल का?

हातात कसं बसतं, कोपर कुठे लागतं, हे बघायला उत्तम. गळतीसाठी नाही. प्लास्टिकची तार वितळवणाऱ्या प्रिंटरचे थर एकमेकांना पूर्ण चिकटलेले नसतात, त्यामुळे भिंतीतूनच पाझर येतो आणि तुम्ही सीलला दोष देत बसता. त्यातलं नेहमीचं प्लास्टिक पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला नमुना वाकून मिळतो.

व्हॉल्व्ह कोणता घ्यावा?

गोळीचा व्हॉल्व्ह स्वस्त आणि टिकाऊ, पण उभाच चालतो आणि एक वाळूचा कण बसला की संपला. बदकाच्या चोचीसारखा सिलिकॉनचा डकबिल कण गिळून टाकतो, जाड साबणाला चांगला, पण उलट दाब अगदी कमी असेल तर थोडा उघडा राहू शकतो. छत्रीसारखा अंब्रेला व्हॉल्व्ह हवेच्या छिद्रावर छान बसतो.

आपल्याकडे यात पाण्याची भर पडते. बोअरचं पाणी जड. कातळातून आलेले क्षार व्हॉल्व्हच्या बैठकीवर पांढरे साठतात आणि गोळी टेकत नाही. टँकरच्या पाण्याबरोबर गाळ येतो. हायपो किंवा साबण तिथेच पातळ करून भरणार असतील तर डिझाइन करतानाच नळीच्या तळाला जाळी द्या आणि व्हॉल्व्ह सुटा करून व्हिनेगरमध्ये बुडवता येईल असा ठेवा. मात्र हायपोचा व्हॉल्व्ह आधी पाण्याने भरपूर धुवा. हायपोत आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. क्लोरहेक्झिडिनमध्ये तर जड पाणी घालूच नका, साका बसतो आणि औषधाचा जोरही कमी होतो.

कोपराच्या दांडीचा पंप काही महिन्यांनी एकाच बाजूने पाझरायला लागतो. का?

दांडी वर्तुळाच्या कमानीत फिरते आणि पंपाचा दांडा सरळ खाली जातो. दोघांमधला फरक दांड्याला दरवेळी एका बाजूला रेटतो. सील त्या बाजूला झिजतं आणि भोक लंबगोल होतं. दांडी आणि पंपाच्या डोक्यामध्ये नुसता सपाट टेकू नको. गोल टोक किंवा छोटा रोलर द्या, आणि दांड्याला सीलच्या खाली एक वेगळा मार्गदर्शक बुश द्या. म्हणजे रेटा बुश घेईल आणि सील फक्त सीलचं काम करेल. दिवसाला 200 वेळा दाबला धरला तर वर्षाचे 73,000 दाब होतात. तेवढे मोटर लावून वर्कशॉपमध्येच दाबून घ्या.

सेन्सरवाला डिस्पेन्सर लाईट गेल्यावर गळेल का?

पंपावर अवलंबून आहे. पेरिस्टाल्टिक पंपात रोलर नळी चिमटून धरतो, वीज गेली तरी ती चिमटलेलीच राहते. डायफ्राम किंवा गिअर पंपात टाकी तोटीच्या वर असेल तर द्रव आपल्या वजनानेच वाट काढू शकतो. तिथे टाकी खाली घ्या किंवा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह वाढवा. पेरिस्टाल्टिकची एक अडचण: बरेच दिवस बंद राहिला तर नळी एकाच जागी चपटी होते आणि डोस बदलतो. नळी ठरावीक मुदतीने बदलायची वस्तू आहे, हे लेबलवरच लिहा.

सिरिंज किंवा सलाईनच्या नळीला जोडायचा असेल तर?

तिथे स्वतःचं माप शोधून काढू नका. सिरिंज-सुईच्या ल्युअर सांध्याला 6 टक्के उतार असतो, म्हणजे 100 मिलीमीटर लांबीत व्यास 6 मिलीमीटरने बदलतो, आणि त्याची मापं आता आयएसओ 80369-7 मध्ये आहेत. आधी ती आयएसओ 594 मध्ये होती. जुने ड्रॉइंग फिरत असतात, नीट बघा. हा सांधा 300 किलोपास्कलच्या आसपासच्या दाबावर तपासतात, हँडरबच्या तोटीशी त्याची तुलनाच नाही.

याहून महत्त्वाचं, तोंडावाटे किंवा नाकातल्या नळीतून द्यायच्या अन्न-औषधाच्या डिस्पेन्सरला ल्युअर देऊच नका. तो शिरेच्या नळीला बसतो, आणि अन्न शिरेत गेलं तर माणूस दगावतो. अन्ननलिकेच्या जोडणीसाठी 80369-3 आणि पाठीच्या कण्यातल्या भुलीसाठी 80369-6 ही वेगळी मापं मुद्दाम अशी ठेवली आहेत की एकमेकांत बसू नयेत. घाईत कुणी 'अडॅप्टर करून द्या' म्हणालं तर नाही म्हणा.

कमी खर्चात गळतीची चाचणी कशी घ्यायची?

एका रात्रीची चाचणी सगळ्यांना जमते. खरा द्रव भरा, त्यात मेथिलीन ब्लूचे काही थेंब टाका, बाटली आडवी करून टिपकागदावर ठेवा. सकाळी निळा ठिपका नेमका कुठे आहे ते पाहा. तो सांध्याचा पत्ता सांगतो. स्पिरिट असेल तर दिवा, शेगडी, वेल्डिंग यांपासून लांब.

ठिपका नसेल तर वजन करा. सराफाकडे असतो तसा 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. शेजारी तशीच एक बाटली इंडक्शन सीलने (तोंडावर उष्णतेने चिकटवलेल्या अॅल्युमिनियमच्या चकतीने) पूर्ण बंद करून ठेवा आणि दोघींची घट ताडून बघा. मग गरम-थंड फेरे: रात्री फ्रीज, दिवसा 45 अंश. आमच्या मते मराठवाड्यात विकायच्या नगाला हीच मुख्य परीक्षा, बाकीच्या दुय्यम. हवेची गळती शोधायला बाटली काचेच्या निर्वात भांड्यात पाण्याखाली ठेवून वरची हवा ओढा, बुडबुड्यांची रांग दिसते.

दाब भरून तो किती उतरतो हे मोजणार असाल तर पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी मोजू नका. बंद हवेचा दाब अंशाला साधारण 0.3 किलोपास्कल बदलतो. ढग आला, शेड दोन अंश थंड झाली, की चांगला नग नापास. ऊन चढलं की गळका पास. पहाटे घ्या किंवा खोलीचं तापमान स्थिर ठेवा.

रिकामी होत आली की वरून भरायची की बाटलीच बदलायची?

द्रव साबण अर्धवट संपलेल्या बाटलीत वरून ओतू नये, हा संसर्ग नियंत्रणातला जुना नियम आहे. तळाच्या उरलेल्या साबणात स्यूडोमोनास, सेराशियासारखे जंतू वाढतात आणि हात धुणाऱ्याच्याच हाताला लागतात. पुन्हा भरायचीच असेल तर पूर्ण रिकामी करून, धुऊन, वाळवून. डिझाइनरने तोंड एवढं रुंद ठेवावं की ब्रश आत जाईल आणि बाटली उलटी ठेवली की पाणी पूर्ण निथळेल. पण रुंद तोंड म्हणजे मोठं सील, मोठी गळतीची शक्यता. म्हणून साबणासाठी आम्ही बंद पिशवी आणि पिशवीबरोबरच बदलणारी तोटी सुचवतो. खर्च वाढतो, हे खरं.

मुंबईहून आलेले खोके ओले निघतात. वाहतूकदाराचा दोष?

कधी असेलही. पण छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. मुंबईत बंद केलेल्या बाटलीच्या आतला दाब इथे बाहेरच्यापेक्षा 6-7 किलोपास्कलने जास्त ठरतो, आणि उन्हात तापलेला ट्रक त्यात तेवढीच भर घालतो. त्यातून पीपीचं झाकण आवळल्यावर काही तासांत सैलावतं, कारण प्लास्टिक ताण सोडतं. घाटातले हादरे उरलेलं काम करतात. झाकणाचा टॉर्क (आवळणीचा जोर) पॅकिंगनंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, तोंडावर अॅल्युमिनियमचं इंडक्शन सील मारा आणि पंप वेगळा पाठवा, जागेवर बसवायला.

ऑटोक्लेव्ह करता येईल असा हवा आहे.

121 अंशांना पीपी आणि सिलिकॉन टिकतात, एचडीपीई वाकतं. झाकण सैल ठेवून आत घाला, नाहीतर थंड होताना बाटली चेपते. गॅमा किरणांनी निर्जंतुक करणार असाल तर साधं पीपी ठिसूळ होतं, त्यासाठीचा खास ग्रेड घ्या.

लायसन्स लागतं का?

तुम्ही त्याचा वापर काय सांगता यावर ते ठरतं. वैद्यकीय उपकरण नियम 2017 प्रमाणे उपकरणं अ पासून ड पर्यंतच्या चार वर्गांत येतात. कमी जोखमीचे पहिले दोन वर्ग राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे एफडीएकडे, आणि वरचे दोन केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडे, सीडीएससीओकडे. पहिल्या वर्गातलं, निर्जंतुक नसलेलं आणि मोजमाप न करणारं उपकरण परवान्यातून सुटतं, पण नोंदणी लागते. 'मोजमाप न करणारं' हे शब्द लक्षात ठेवा. बाटलीवर मिलीच्या खुणा छापून डोसचा दावा केला की चित्र बदलतं. टूल कापण्याआधी सल्लागाराला विचारा. गुणवत्ता व्यवस्थेला आयएसओ 13485 आणि जोखमीच्या नोंदींना आयएसओ 14971 लागतंच, वर्ग कोणताही असो, असं धरून चालणं शहाणपणाचं.

इथे जवळ शिकायची, तपासायची सोय?

चिकलठाणा एमआयडीसीत सिपेट आहे, प्लास्टिकसाठी. आणि इंडो-जर्मन टूल रूम आहे, मोल्डसाठी. पुण्या-मुंबईला धावण्याआधी तिथे जाऊन या.

गळका नग तुमच्याकडे तपासायला पाठवायचा आहे. कसा पाठवू?

धुऊ नका, पुसू नका, वायसर बदलू नका. आहे तसा, फक्त रिकामा करून पाठवा; स्पिरिट भरलेली बाटली पार्सलमध्ये टाकू नका. साबण किंवा औषध ज्या बाजूने वाळलं आहे तो ओघळ आम्हाला हवा असतो. रुग्णाच्या खोलीतला असेल तर तसं खोक्यावर ठळक लिहा आणि दुहेरी पिशवीत घाला. बरोबर एका चिठ्ठीवर एवढं: आत कोणता द्रव होता, बाटली सुलटी होती की उलटी, कोणत्या दिशेच्या भिंतीवर होती, आणि दिवसातल्या कोणत्या वेळी गळतं. चिठ्ठीतली शेवटची ओळ बरेच जण विसरतात, आणि आम्हाला फोन करून आधी तेच विचारावं लागतं.